दोरा कुणाला बांधायचा

तालुक्याच्या बाजाराच्या तोंडाशी, जिथे गेल्या खेपेपर्यंत साबणाची जाहिरात होती, तिथे मलीवानला स्वतःचं तोंड दिसलं. घराच्या छपराएवढं मोठं. केसांत पांढरा चाफा, खांद्यावर सणासुदीचं रेशमी उपरणं, आणि दात दिसतील असं हसू. समोर बसलेल्या परदेशी साहेबाचं गुबगुबीत मनगट पुढे आलेलं, आणि त्यावर पांढरा दोरा बांधणारे तिचे हात. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘बान थासायचे ग्रामस्थ धरणाचे आनंदाने स्वागत करतात.’

तिने खांद्यावरची कावड खाली ठेवली. एका टोपलीत नदीच्या शेवाळाचे वाळवलेले पापड होते, लसूण-तीळ लावलेले, आणि दुसऱ्या टोपलीत पहाटे खडकांवरून खरवडून काढलेल्या ओल्या शेवाळाचे गोळे. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. आपल्याला नीट वाचता आलं नसेल अशी तिला आशा होती, पण दुसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

पलीकडची भाजीवाली तिला न्याहाळतच होती. तिने विचारलं, “काय गं मलीवान, आता तुझ्याशी असंच बोलायचं की तिकीट काढायचं?”

मलीवानच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ओल्या शेवाळाचा एक गोळा उचलून तिने तो नेम धरून मारला, आणि तो गुबगुबीत मनगटाच्या मालकाच्या हनुवटीवर जाऊन बसला. दुसरा तिच्या स्वतःच्या हसऱ्या दातांवर बसला. बाजार खदखदून हसला. संध्याकाळपर्यंत ते शेवाळ उन्हात वाळून घट्ट चिकटलं, आणि साहेबाला हिरवी दाढी आली ती आलीच. मलीवानने त्या दिवशी ओलं शेवाळ विकलं नाही, कारण विकायला उरलंच नाही.

तो फोटो कसा काढला गेला, हे तिला पक्कं आठवत होतं. पाऊस संपून नदी उतरायला लागली होती तेव्हा परदेशी कंपनीची माणसं तिच्या गावात, थासायला आली. सोमवांग हा गावचा नायबान, म्हणजे गावप्रमुख, आणि मलीवानच्या वारलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. त्याने घरोघर सांगितलं, पाहुणे नदीचा अभ्यास करायला आलेत, पाणी किती येतं, मासे कुठले आहेत, एवढंच बघणार. धरण हा शब्द कुणी ओठांवर आणला नाही. पाहुणा आला की सू ख्वान करायचा, त्याच्या मनगटाला दोरा बांधायचा, हे थासायमध्ये कुणी कुणाला शिकवत नाही. माणसाच्या अंगात बत्तीस जीव असतात. प्रवासात, आजारात, भीतीने त्यातले काही मागे राहतात, भरकटतात. त्यांना हाक मारून परत आणायचं आणि पुन्हा पळू नयेत म्हणून दोऱ्याने बांधायचं. पाहुणा तर इतक्या लांबून आलेला, त्याचे जीव वाटेवर किती सांडले असतील.

त्यात दुभाष्याने सांगितलं की साहेबांची आई इस्पितळात आहे. झालं, मलीवानचं काळीज तिथेच विरघळलं. आईला सोडून आलेलं लेकरू, मग ते पन्नाशीचं का असेना. ती पुढे झाली आणि मनापासून त्याच्या मनगटाला दोरा बांधला. म्हणाली, तुझी आई बरी होवो, तू सुखरूप घरी जावोस. तिच्या मागे बसलेलीने तिच्या कोपराला हात लावला, त्या बाईच्या कोपराला तिच्या मागच्या बाईने, आणि असं करत करत देवळाच्या सभामंडपाबाहेर पायरीवर बसलेल्या फोनसी आजीपर्यंत हाताला हात लागला. ज्याला पुढे पोचता येत नाही त्याने पुढच्याला शिवायचं, म्हणजे आशीर्वादात सगळे येतात. फोटोवाला त्या वेळी गुडघ्यावर बसून टिपत होता.

दुसऱ्या दिवशी नदीवर जाताना मलीवानला होडीच्या धक्क्यावर ते सगळे दोरे पडलेले दिसले. कात्रीने कापलेले. दोरा निदान तीन दिवस ठेवायचा असतो, आणि काढायचाच तर हाताने सोडायचा, कापायचा तर कधीच नाही. साहेबाने होडीत पाय ठेवण्याआधीच कापून टाकले होते. तिने ते गोळा करून पिंपळाच्या फांदीला बांधले आणि म्हणाली, परका माणूस आहे, त्याला काय माहीत. आता त्या परक्याचं मनगट बाजारात टांगलेलं होतं, आणि तिला स्वतःच्या त्या भोळसटपणाचा संताप येत होता.

आणि संताप तरी कुणाकुणाचा करायचा? धरणाची वीज जाणार होती सीमेपलीकडे, शेजारच्या देशाला. पैसा, यंत्रं, सिमेंट, इंजिनियर, एवढंच काय, मजुरांचा भातही आणखी तिसऱ्या देशाचा. आपल्या देशाचं त्यात काय, तर नदी आणि माणसं. माणसं डोंगरावर नेऊन ठेवायची होती. मलीवान ती जागा बघून आली होती. लाल मुरमात ओळीने उभी केलेली गुलाबी पत्र्यांची घरं, प्रत्येक घरापुढे एक नळ, आणि नळ सोडला की नुसता फुसफुसणारा वारा. तिथून नदी दिसतसुद्धा नव्हती. धरण भरलं की पाणी खोल होणार, खडक बुडणार, आणि शेवाळ खडकावर उगवतं, तळ्याच्या पोटात नाही. हिवाळ्यात कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून ज्या शेवाळावर तिने मुलगी शिकवली, ते तिच्या डोळ्यांसमोर संपणार होतं. राजधानीत ज्यांनी हे ठरवलं त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात ओलं शेवाळ हातात धरलं नसेल.

शेवाळफेकीची बातमी थासायला पोचायला उशीर लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सोमवांग आला, सोबत जिल्हा कचेरीतले पक्षाचे अधिकारी कॉम्रेड विसाय. सोमवांगची गाडी दारात उभी राहिली. नवी कोरी, चंदेरी, मागे सामान ठेवायला जागा असलेली.

मलीवान अंगणात पापड वाळवायच्या चौकटी उन्हाकडे फिरवत होती. ती म्हणाली, “भावजी, गाडी कशाला घेतलीत? गाव बुडणार म्हणतात. होडी घ्यायचीत.”

सोमवांगने हसल्यासारखं केलं आणि चटई ओढून घेतली. कॉम्रेड विसाय मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पाणी मागितलं, पापडांचं कौतुक केलं, आणि फलकावरच्या शेवाळाबद्दल पोरांनी खोडी केली असणार असं स्वतःच सांगून टाकलं. मग मुद्द्यावर आले. कंपनीला पैसा देणाऱ्या बँकेची माणसं यायची आहेत. त्यांच्याबरोबर एक बाई आहेत, त्यांना गावाची खुशी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे. गेल्या वेळचे मोठे साहेबही येणार. तर पुन्हा एक सू ख्वान करायचा, तसाच, भरगच्च. फुलांचा मनोरा मलीवानने करायचा, आणि पहिला दोराही तिनेच बांधायचा, कारण तिचा चेहरा आता ओळखीचा झाला आहे.

“धरण होणारच आहे ना?” मलीवानने विचारलं.

“होणारच आहे, ताई.”

“मग माझं तोंड कशाला हवं?”

विसाय हसले. बँकेच्या नियमात लोकांची संमती लागते, म्हणाले.

“मग विचारा की संमती. आम्ही काय मुके आहोत?”

“विचारली ना,” ते शांतपणे म्हणाले. “गेल्या वेळी सगळ्या गावाने हात लावला होता. पायरीवरच्या आजीनेसुद्धा. आमच्याकडे चित्रण आहे.”

मलीवानच्या हातातली चौकट खाली आपटली. पापड फुटला. म्हणजे तो आशीर्वाद यांनी अंगठा म्हणून घेतला होता. म्हाताऱ्या फोनसीचा सुरकुतलेला हात पुढच्याच्या पाठीवर होता, त्यालाही यांनी होकार धरला होता. इतकी नीच गोष्ट कुणाच्या डोक्यात येऊ शकते, हेच तिला कळेना. ती म्हणाली की तो पाहुण्याच्या जिवासाठी लावलेला हात होता, त्याच्या आईसाठी.

विसायनी ते मनावर घेतलं नाही. आपला देश लहान, ते समजावू लागले. कंपनीच्या देशाच्या लोकांनी रस्ता दिला, जिल्ह्याची नवी कचेरी बांधून दिली, राजधानीत मैदान दिलं, मोठ्या लोकांच्या मुलांना शिकायला नेलं. एवढं घेऊन झाल्यावर नाही कसं म्हणायचं?

“कचेरी तुम्हाला दिली आणि नदी आमची घेतली,” मलीवान म्हणाली. “हा कुठला हिशेब, कॉम्रेड?”

सोमवांग मान खाली घालून चटईची काडी उपसत होता. विसायनी पेला खाली ठेवला, उठताना पँटची सुरकुती झटकली आणि सहज आठवल्यासारखं म्हणाले, “शाळेतल्या केसोनबाई तुमच्याच ना? चार वर्षं झाली बिनपगारी शिकवतायत. यंदा जागा निघणार आहेत. नाव वर गेलेलं आहे. वर गेलेलं नाव खाली यायला वेळ लागत नाही, म्हणून आपलं सांगितलं.”

ते गेल्यावर चंदेरी गाडीची धूळ पापडांवर बसली. मलीवानने सगळे पापड धुतले, जे धुवायचे नसतात, आणि ते भिजून लगदा झाले.

केसोन तिची एकुलती एक मुलगी. तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. सरकारकडे जागा नाही म्हणून आधी स्वयंसेवक म्हणून शिकवायचं, जागा निघाली की पगार, असा तिथला कायदा. पहिल्या वर्षी ती उड्या मारत शाळेत गेली. दुसऱ्या वर्षी शिक्षण कचेरीत चौकशीला गेली. आता मधली सुट्टी झाली की ती त्या कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. साहेब येतील, विचारतील, म्हणून. आईने आणलेला चिकट भात आणि मासळी खाऊन पुन्हा शाळेत जायची, आणि त्यातलं काही कधी बोलायची नाही.

त्या संध्याकाळी मात्र बोलली. मलीवानने सगळं सांगून टाकलं होतं, आणि मी त्या मनगटाला पुन्हा हात लावणार नाही, असंही.

“बांध ना आई,” केसोन म्हणाली. “एक दोरा. तुझं काय जातं?”

“गेल्या वेळी असंच वाटलं होतं मला.”

“गेल्या वेळी तू बांधलास म्हणून धरण नाही येत. नसता बांधलास तरी आलं असतं. हे तुला कळत कसं नाही?” तिचा आवाज चढला. “नदी जाणार ती जाणारच. माझी नोकरीपण जाऊ दे? मग काय करू, तुझ्यासारखं पाण्यात उभी राहू? त्यासाठी तरी पाणी उरेल का?”

मलीवान म्हणाली, “तुला शेवाळ विकून शिकवलं, ते काय त्यांच्यापुढे मान तुकवायला?”

“मग कशाला शिकवलंस? मान ताठ ठेवून उपाशी राहायला?”

चुलीवरचा भात करपला तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. मलीवानला मुलीचा राग आला, आणि मग तिच्या लक्षात आलं की मुलगी एक शब्दही खोटा बोललेली नाही, म्हणून राग जास्तच आला. तिने मुलीच्या पायांकडे पाहिलं. सँडलचे पट्टे दोन ठिकाणी तारेने जोडलेले होते. सकाळी तिने सोमवांगला निरोप पाठवला की मनोरा करते, आणि दोराही बांधते.

सू ख्वानच्या आदल्या दिवशी बायका देवळाच्या सावलीत जमल्या. केळीच्या पानांचे शंकू दुमडायचे, एकावर एक रचून मनोरा करायचा, झेंडूने मढवायचा, आणि वर सुती दोरे टांगायचे. या कामात मलीवानचा हात धरणारी गावात कुणी नव्हती. पण त्या दिवशी तिच्या हाताखाली पान टिकेना. दुमडलं की फाटायचं. शंकू वळला की उलगडायचा. बाकीच्या बायकांचंही तेच चाललं होतं.

पायरीवर थित बुनमा सूत कापत बसले होते. तरुणपणी भिक्षू होते, म्हणून नावाआधी थित. गावातली हाक त्यांचीच. लग्नात, बाळंतपणात, आजारात, जीव परत बोलवायचा तो त्यांनीच. मलीवान फाटलेलं पान टाकून त्यांच्याजवळ गेली.

“काका, रागात केलेला मनोरा चालतो का?”

“मनोऱ्याला चालतो गं. जीव मात्र नाही फिरकत तापल्या हातांजवळ.” त्यांनी सूत दातात धरून ओढलं. “फोनसी झोपते का हल्ली?”

नाही, मलीवानने सांगितलं. म्हातारी सामान बांधते, सोडते, पुन्हा बांधते. नवऱ्याची राख देवळाच्या आवारातल्या स्तूपात आहे, ती कशात भरून न्यायची, एवढंच विचारत राहते.

“आणि तू?”

“मी कसली झोपते.”

“हां,” म्हातारा म्हणाला. “मला आपलं एक कळत नाही. जीव पळालेत कुणाचे, आणि आपण हाका मारतोय कुणाला.” मग इकडेतिकडे बघून त्यांनी मान खाली घातली. “मला काय, मी म्हातारा माणूस. सांगतील ते म्हणेन.”

दुसऱ्या दिवशी सभामंडप गच्च भरला. सोमवांगने कुणाला घरी राहू दिलं नव्हतं. मधोमध मनोरा, थोडा वाकडा. एका बाजूला मोठे साहेब मांडी घालता येत नाही म्हणून पाय एकीकडे करून बसलेले, शेजारी कॉम्रेड विसाय, आणि बँकेची उंच बाई, जिच्या हातात टोपी होती आणि जी सगळ्यांकडे बघून भल्या माणसासारखी हसत होती. दुभाष्या तिच्या कानाशी. शाळेच्या शिक्षिकांना पाहुण्यांच्या दिमतीला बसवलं होतं. केसोन त्यांच्यात होती, पाण्याचे पेले भरत होती, आणि आईकडे बघत नव्हती. फोटोवाला तोच होता.

थित बुनमांनी हाक सुरू केली. रानात गेलेल्या जिवा, ये. वाटेवर थांबलेल्या जिवा, ये. त्यांचा आवाज एरवी देवळाच्या मागे नदीपर्यंत जायचा, आज तो मनोऱ्यापलीकडे जाईना. साहेबांच्या उघड्या तळव्यावर उकडलेलं अंडं आणि भाताचा मुटका ठेवला गेला. साहेबांनी मनगट पुढे केलं. सोमवांगने मलीवानला भुवईने खूण केली.

मलीवान गुडघ्यांवर पुढे सरकली. मनोऱ्यावरचा दोरा काढला. तिच्या मागे बसलेलीने सवयीने तिच्या कोपराला हात लावला, तिच्या मागे आणखी कुणी, आणि मलीवानला एकेक हात जोडला जाताना कळत गेला, थेट पायरीपर्यंत. फोटोवाला गुडघ्यावर बसला. मनगट तेच होतं, गुबगुबीत, भारी घड्याळाचं. आईचं काय झालं, हे साहेबांना विचारावं असं क्षणभर तिच्या ओठांवर आलं. मग तिला वाटलं, इस्पितळातली आईसुद्धा यांनी कुठूनतरी आणली असेल. आणि हे मागचे सगळे हात, हे आता तिच्या कोपराला लागलेले गरम हात, हेही उद्या बाजारात टांगणार होते.

तिने दोरा मनगटाजवळ नेला आणि तशीच गुडघ्यांवर गर्रकन मागे वळली.

पाहुण्यांकडे तिची पाठ झाली होती, आणि तिच्या दोन्ही पायांचे तळवे सरळ साहेबांच्या तोंडाकडे होते. थासायमध्ये दारुडासुद्धा कुणाकडे तळवे करून बसत नाही. मलीवानला ते कळत होतं. तिने पाय आत ओढले नाहीत.

तिच्या मागची बाई आता तिच्या समोर होती, तोंड वासून. मलीवान तिला ओलांडून गर्दीतून सरकत पायरीपर्यंत गेली आणि फोनसी आजीचं मनगट हातात घेतलं. काडीएवढं मनगट.

“ये रे जिवा, ये,” ती मोठ्याने म्हणाली. “भिंत बांधणार म्हणून भिऊन पळाला असशील तर परत ये. डोंगरावरच्या पत्र्याखाली जाऊन बसला असशील तर तिथून ये. या म्हातारीला झोप लागू दे.”

दोरा बांधून होईपर्यंत आजी रडायला लागली. कुणीतरी उठून मनोऱ्यावरचे दोरे ओढून घेतले. एकीने शेजारणीचं मनगट धरलं, मच्छीमार फॉनने आपल्या सासऱ्याचं. बघता बघता सगळा मंडप एकमेकांकडे तोंड करून बसला आणि पाहुण्यांकडे पाठी झाल्या. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला, खाली केला. थित बुनमा मिटल्या डोळ्यांनी पुन्हा हाक देऊ लागले, आणि या वेळी त्यांचा आवाज नदीपर्यंत गेला. साहेबांचं मनगट अजून पुढेच होतं, तळव्यावर अंडं.

सोमवांग वाकून मलीवानपाशी आला. “वहिनी, वहिनी, साहेबांचा हात...”

“साहेबांचा हात साहेबांपाशी सुखरूप आहे, भावजी. तुमचा द्या इकडे. तुमचा जीव कुठे गहाण पडलाय ते बघू.”

सोमवांगने हात मागे घेतला, जणू तिने विस्तव पुढे केला होता.

बँकेची बाई दुभाष्याला काहीतरी विचारत होती. दुभाष्याने विसायकडे पाहिलं आणि मग मलीवानला विचारलं, बाईसाहेब विचारतायत, पाहुण्यांना का नाही बांधत?

मलीवान उठून उभी राहिली. “सांग त्यांना, पाहुण्यांना काय झालंय? त्यांचे जीव ठिकाणावर आहेत. घाबरलोय आम्ही. दोरा ज्याचा जीव उडाला त्याला बांधतात. गेल्या वेळी आम्ही पाहुणा म्हणून बांधला, आणि तुम्ही त्याला होकार म्हणालात. आम्हाला धरणाचं कुणी विचारलेलं नाही. आज विचारलंत तर सांगते, नको. सांग, असंच्या असं.”

दुभाष्याने बाईच्या कानात जेमतेम चार शब्द टाकले. एवढ्या बोलण्याचं एवढंसं भाषांतर ऐकून बाईने मान डोलावली, आणि तशीच भल्या माणसासारखी हसली. ते हसू बघून मलीवानला कळलं की सगळं पाण्यात गेलं.

तेव्हा पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. केसोन उभी राहिली होती. ती बाईकडे वळली आणि इंग्रजीत बोलू लागली. मागच्या बाकावरच्या पोरांनाही उतरवून घेता यावं म्हणून ती वर्गात सांगायची तसं, सावकाश, एकेक शब्द मोकळा करून. मलीवानला त्यातला एकही शब्द कळत नव्हता, पण बाईचं हसू जाताना दिसत होतं.

“केसोनबाई, बसा,” विसाय म्हणाले.

केसोनने तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. न कळलेला धडा ती नेहमी दोनदा सांगायची. बाईने टोपी बाजूला ठेवली आणि दुभाष्याला नव्हे, तिलाच काहीतरी विचारलं. केसोनने मान हलवून नाही म्हटलं. मग मंडपातल्या पाठींकडे हात केला.

विसायचा मऊ आवाज तेवढाच मऊ राहिला. “तुमची जागा आता विसरा.”

“कुठली जागा, कॉम्रेड? चार वर्षांत मला दिसलेली नाही.”

ती पाहुण्यांमधून निघाली आणि गर्दीतून वाट काढत आईसमोर येऊन बसली. हात पुढे केला. चेहरा रागाने लाल झाला होता. मलीवानही खाली बसली, आणि कुणीतरी मनोऱ्यावरचा शेवटचा दोरा तिच्या हातात दिला. तिने तो मुलीच्या मनगटावर ठेवला, पण गाठ मारता येईना. फोनसी आजीने मलीवानच्या कोपराला हात लावला. आजीच्या मागे आणखी कुणी लावला.

“ये रे जिवा, ये,” मलीवान म्हणाली. “शिक्षण कचेरीच्या पायऱ्यांवर बसून राहिला असशील तर ऊठ तिथून. तिथे कुणी येणार नाही. घरी ये.”

मग तिने गाठ मारली.